खोक्यांच्या कारखान्यातून बातम्यांकडे, आणि तिथून मदतीच्या गोदामात

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बारा वर्षं स्वतःचा व्यवसाय केला, बरा चालला. आता टीव्हीवर बातम्यांच्या क्षेत्रात यायचंय आणि पुढे मानवतावादी कामात उतरायचंय. बोलायची भीती नाही, माणसं जोडता येतात, कॅमेऱ्यासमोर बरी दिसते असं लोक म्हणतात. चाळिशीला टेकल्यावर हे जमेल का? आणि व्यवसायातला इतक्या वर्षांचा अनुभव वाया जाईल का?"

जमेल. अनुभवही वाया जाणार नाही. मात्र तो जिथे कामी येईल असं तुम्ही धरून चाललाय तिथे तो येत नाही, आणि जिथे येतो त्या जागेचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल. आठ वर्षं वडील आणि भावाच्या जोडीने मी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना चालवला. थ्री प्लाय, फाइव्ह प्लाय (म्हणजे पुठ्ठ्यातले कागदाचे थर), कागदाचा जीएसएम (म्हणजे वजन), उधारीची वसुली, हेच आयुष्य. तिथून एका वृत्तवाहिनीच्या बिझनेस डेस्कवर, मग त्याच वाहिनीत अकरा वर्षं अँकर. गेली नऊ वर्षं मदतकार्यात आहे, तेही कॅमेऱ्यापासून लांब, सामानाच्या पुरवठ्याकडे. तिन्ही ठिकाणी भरपूर चुका केल्या आहेत, त्यातल्या काही खाली येतीलच.

तुम्ही सगळा भर बोलण्यावर दिलाय, म्हणून खुर्चीपासून सुरुवात करते. अँकर म्हणजे बोलणारी व्यक्ती असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात ते बहुतांशी ऐकण्याचं काम आहे. समोर टेलिप्रॉम्प्टर असतो: लेन्सच्या पुढे तिरकी बसवलेली काच, खालच्या पडद्यावरची अक्षरं तिच्यावर उमटतात आणि कॅमेरा त्याच काचेतून आरपार तुम्हाला बघतो. ते वाचणं महिनाभरात येतं. खरी कसरत कानात असते. इअरपीसमधून पीसीआर, म्हणजे कार्यक्रम चालवणारी कंट्रोल रूम, सतत बोलत असतं: पाहुणा लाइनवर आलाय, नाही, तुटला, पुढची स्टोरी ड्रॉप, ब्रेकला वीस सेकंद, नवीन बाइट (कुणाच्या तरी बोलण्याचा तुकडा) आलाय, त्यावर टॉस कर (प्रेक्षकांना तिकडे वळव). त्याच वेळी समोरचा माणूस उत्तर देत असतो आणि पुढचा प्रश्न त्या उत्तरात असतो, तुमच्या कागदावर नसतो.

माझ्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. एका कंपनीतल्या वादावर चर्चा होती, पाहुणे त्याच कंपनीचे संचालक. मी पहिला प्रश्न टाकला आणि कानात प्रोड्यूसर ओरडायला लागला, दुसऱ्या पाहुण्याचा ऑडिओ येत नाहीये, यांनाच ताणून धर. मी मान डोलावत राहिले, चेहऱ्यावर ऐकत असल्याचा भाव. त्यांचं बोलणं थांबलं तसं मी विचारलं, "मग संचालक म्हणून तुमचं पुढचं पाऊल काय असेल?" ते दोन क्षण माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "आत्ताच सांगितलं ना मी. आज सकाळी राजीनामा दिला." त्या दिवसाची सगळ्यात मोठी बातमी माझ्यासमोर बसून कुणीतरी दिली आणि मी सोडून सगळ्यांनी ती ऐकली. तुमच्याकडे बोलण्याचा आत्मविश्वास आहे म्हणता. माझ्याकडेही होता, आणि तोच आडवा आला.

"अँकर" हा शब्द अमेरिकेत १९५२च्या राजकीय अधिवेशनांच्या वार्तांकनात वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या निमित्ताने रुळला. त्याआधी ते युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे युद्धवार्ताहर होते, म्हणजे खुर्चीआधी तारेवर बातमी पाठवायची शिस्त अंगात मुरलेली. २२ नोव्हेंबर १९६३ला राष्ट्राध्यक्ष केनेडींवरच्या गोळीबाराची बातमी देताना मृत्यूच्या अनधिकृत बातम्या त्यांच्या हातात आधीच आल्या होत्या. त्या त्यांनी अनधिकृत म्हणूनच सांगितल्या. अधिकृत फ्लॅश, म्हणजे वृत्तसंस्थेची तातडीची बातमी, हातात आल्यावर चष्मा काढून मृत्यूची घोषणा केली. लोकांना तो चष्मा आठवतो. आम्हाला शिकवणारे त्याआधीची मिनिटं पुन्हा पुन्हा दाखवायचे.

थेट खुर्ची मागायला जाऊ नका, ही त्यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट. डेस्क मागा. सीएनएनच्या एरिन बर्नेट यांची सुरुवात गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेत विश्लेषक म्हणून झाली. पत्रकारितेत आल्या तेव्हा त्या वाहिनीच्या अर्थविषयक कार्यक्रमासाठी लिहिणं आणि पाहुणे ठरवणं ही कामं त्यांच्याकडे होती. पाहुणे ठरवणं ऐकायला कारकुनी वाटतं, पण कोणता माणूस कशावर खरंच बोलू शकतो आणि कोण नुसताच उपलब्ध असतो हे तिथे कळतं. तुमच्या वयाच्या माणसाला डेस्कवर पंचविशीतल्या मुलांच्या हाताखाली बसावं लागेल. एक मुलगी माझ्या स्क्रिप्टवर लाल खुणा करायची तेव्हा ती शाळेत असताना मी कामगारांचे पगार काढत होते. तिच्या खुणा बरोबर असायच्या.

आता व्यवसायातल्या सवयी. एक सवय अक्षरशः मुळासकट काढावी लागते: पटवण्याची. गिऱ्हाइकासमोर आपण खोटं बोलत नाही, पण मालाची बाजू लावून धरतो, खोट विचारल्याशिवाय सांगत नाही. ही सवय आवाजात उतरते. माझी पहिल्या सहा महिन्यांची बुलेटिन्स पाहिली तर प्रत्येक बातमी मी विकायला काढल्यासारखी वाटते. आमच्या आउटपुट एडिटर (पडद्यावर काय जाणार ते बघणाऱ्या संपादक) म्हणायच्या, "अगं, तू बातमी सांग. डील क्लोज करू नकोस."

दुसरी सवय आकडे गोल करण्याची. कारखान्यात ४८७ खोकी म्हणजे पाचशे, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. एक इमारत कोसळली तेव्हा मी लाइव्हवर होते. मृतांचा अधिकृत आकडा १७ होता आणि बोलण्याच्या ओघात मी "जवळपास वीस" म्हणाले. पडद्यावर खाली १७ लिहिलेलं, तोंडाने वीस. तासाभराने डेस्कवर एका बाईंचा फोन आला. त्यांच्या घरातल्या तिघांचा पत्ता लागत नव्हता. त्या शांतपणे विचारत होत्या, वरचे तिघे कोण ते तुम्हाला कळलंय का? फोन मीच घेतला होता. त्यानंतर मी आयुष्यात माणसांचा आकडा गोल केलेला नाही, अगदी छावणीत पाणी मोजतानाही.

कामाला आला तो ताळेबंद. बहुतेक वार्ताहर नफ्यापाशी थांबतात, कारण कंपनी तोच आकडा ठळक छापून देते. ज्याने वसुलीसाठी गिऱ्हाइकाच्या दारात बसून दिवस काढलेत त्याला नफा आणि हातातली रोकड यांतला फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही. एका मुलाखतीत कंपनीचे प्रमुख विक्रमी नफ्याबद्दल रंगून बोलत होते. मी फक्त विचारलं, "येणी किती दिवसांची आहेत?" ते पाणी प्यायले. मग म्हणाले, "तो तपशील मी मागवून देतो." विक्री कागदावर झाली होती, पैसे आलेच नव्हते, आणि त्यांनी ते नाकारलंही नाही. तो प्रश्न विचारायला मला धाडस लागलं नाही. आमच्या कारखान्यात दर शनिवारी बाबा तोच प्रश्न मला विचारायचे.

म्हणून आधी अर्थविषयक बातम्यांकडेच जा. पण त्या दारात एक मोठा खड्डा आहे आणि व्यवसायातून येणारा माणूस त्यात सगळ्यांच्या आधी पडतो. अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राचे आर. फॉस्टर विनन्स शेअर बाजारावरचा वजनदार स्तंभ लिहायचे. स्तंभ छापून येण्याआधी त्यातला मजकूर ते दलालांना सांगत आणि त्यावर सौदे होत. १९८५मध्ये ते दोषी ठरले आणि १९८७मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. त्या खटल्यातला मुद्दा व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावा असा आहे. स्तंभातली माहिती खोटी होती असं कुणी म्हटलंच नव्हतं. ती छापून येण्याआधी वृत्तपत्राच्या मालकीची होती, आणि त्यांनी ती स्वतःच्या फायद्यासाठी वापरली. व्यापारात आधी कळलेली गोष्ट म्हणजे कमाई असते. इथे तो गुन्हा ठरू शकतो.

माझं प्रकरण इतकं नाट्यमय नव्हतं, पण घरात गेलं. क्राफ्ट पेपर, म्हणजे खोक्यांचा जाड कागद, पुरवणाऱ्या एका गिरणीबद्दलची बातमी आमच्या डेस्कवर शिजत होती. ती गिरणी भावाला माल द्यायची, उधारीवर. मी संपादकांना सांगितलं आणि त्या बातमीपासून बाजूला झाले, तिची कॉपीसुद्धा उघडली नाही. भावाचं म्हणणं, निदान आम्हाला चाहूल तरी द्यायची, पुढची ऑर्डर थांबवली असती. मी दिली नाही. बातमी चालली, गिरणीचा पुरवठा महिनाभर विस्कळित झाला, कारखान्याचं नुकसान झालं. त्या वर्षी आम्ही दोघं कामापुरतंच बोललो. कारखान्यातला माझा हिस्सा मी त्यानंतर सोडला, खरं तर डेस्कवर पहिल्या दिवशीच सोडायला हवा होता. तुमचा व्यवसाय तुम्ही कुणाच्या नावावर "तात्पुरता" ठेवून येणार असाल तर येऊ नका. विका, किंवा लेखी बाहेर पडा, आणि वाहिनीला सगळं आधी सांगा.

उत्पन्नाबद्दल एकच वाक्य: ते दोनदा पडेल, वाहिनीत येताना एकदा आणि मदतकार्यात जाताना पुन्हा, तेव्हा आधी कर्जं फेडा.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. पडद्यावरचा चेहरा झाला की मदतकार्यात मोठं काम करता येईल, असं तुम्ही गृहीत धरलंय. मीही धरलं होतं. मोठ्या पुराच्या वार्तांकनात चौथ्या दिवशी, सलग सात तास लाइव्ह केल्यावर, मी स्क्रिप्ट सोडून कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "तुमच्याकडे जे असेल ते पाठवा. जमेल ते, जमेल तितकं." वाहिनीने तोच तुकडा दिवसभर वाजवला. लोकांनी खरोखर जे होतं ते पाठवलं.

आठवड्याने मी त्या मदतीच्या गोदामात शूटसाठी गेले. दार उघडायला दोन माणसांना जोर लावावा लागला, कारण आतून कपड्यांचे गठ्ठे दाराला टेकले होते. लग्नातले भरजरी कपडे. उंच टाचांचे बूट, त्यात एकाच पायाचेही. मुदत संपलेली औषधं, अर्ध्या वापरलेल्या मलमांच्या ट्यूब, कुणालाच न येणाऱ्या भाषेतली लेबलं. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या कुठेतरी मागे होत्या, पण त्यांच्यापर्यंत जायला वाट नव्हती. आणि सगळ्यात खाली, ओल्या फरशीवर, खोकी. थ्री प्लायची, सात थर उंच रचलेली. पुठ्ठ्याने ओल धरली की त्याची ताकद जाते. खालचे दोन थर बसले होते आणि वरचे पाच तिरके झुकले होते. कॅमेरामन फ्रेम लावत होता आणि मी त्याला म्हणाले, "थांब. आधी ही उतरवायला हवीत." त्या दिवशी पीस टू कॅमेरा, म्हणजे कॅमेऱ्यात बघून बोलायचा भाग, झालाच नाही. तिथल्या चार स्वयंसेवकांबरोबर मी संध्याकाळपर्यंत खोकी उतरवली आणि लाकडी पॅलेट्सवर चार थरांत रचली. कित्येक वर्षांनी मला एखादं काम खात्रीने येत होतं.

माझं आवाहन हा काही जगावेगळा मूर्खपणा नव्हता, हे नंतर वाचताना कळलं, म्हणून थोडं बरं वाटलं आणि जास्त वाईट वाटलं. १९८८च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर किमान ५००० टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य तिथे पोहोचलं. त्यातलं जेमतेम ३० टक्के ओळखता येण्याजोगं आणि त्या परिस्थितीत उपयोगी होतं. उरलेलं निवडण्यात माणसं आणि महिने गेले. असल्याच अनुभवांतून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६मध्ये औषधांच्या देणगीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली: मागितलेलीच औषधं पाठवा, पोहोचताना मुदत किमान वर्षभर शिल्लक हवी, लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत हवं. अँकर म्हणून माझं काम होतं "जमेल ते पाठवा" म्हणण्याआधी एक फोन करून तिथे काय लागतंय ते विचारणं. तो फोन मी केला नाही. खोकी बनवताना गिऱ्हाइकाकडून माप घेतल्याशिवाय मी एकही पुठ्ठा कापला नसता.

म्हणजे तुमचा व्यवसायाचा अनुभव शेवटी तिथे कामाला येतो. मदतकार्याचा फार मोठा भाग म्हणजे खरेदी, वाहतूक, साठा आणि वाटपाची नोंद. काय आलं, कुठे ठेवलं, कुणाच्या सहीने गेलं. आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर. वेबिल (ट्रकसोबतचा मालाचा कागद) आणि बिन कार्ड (गोदामातली साठ्याची नोंद) जुळत नसेल तर ट्रक सोडायचा नाही. करुणा लागते, पण ती असलेली माणसं तिथे पुष्कळ येतात. साठा नोंदवही रोज रात्री जुळवणारी फार थोडी येतात.

या वाटेने गेलेला एक व्यापारी इतिहासात आहे आणि त्याची गोष्ट मला नेहमी सुटाबुटातल्या चित्रापेक्षा वेगळी दिसते. ज्यांच्या कल्पनेतून रेड क्रॉस उभी राहिली ते ऑन्री द्युनां हे जिनिव्हाचे. अल्जीरियात त्यांच्या गिरण्यांचा उद्योग होता आणि जमीन-पाण्याच्या परवानग्या अडकल्या होत्या. थेट फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनची गाठ घेऊन काम उरकावं म्हणून ते उत्तर इटलीत गेले, आणि २४ जून १८५९ला सोल्फेरिनोच्या लढाईच्या संध्याकाळी शेजारच्या कास्तिल्योने गावात पोहोचले. चर्चमध्ये, रस्त्यात, अंगणांत जखमी पडलेले. त्यांनी गावातल्या बायकांना जोडीला घेतलं, आणि दुसरं काय केलं तर आपला गाडीवान ब्रेशियाला पाठवून खरेदी केली: लिंबं, साखर, सदरे, स्पंज, पट्ट्या, टाचण्या, तंबाखू. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसले, कारण ती व्यापाऱ्याची यादी आहे, नेमकी.

पुढे १८६२मध्ये त्यांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, स्वखर्चाने १६०० प्रती छापल्या आणि युरोपभरच्या वजनदार लोकांना पाठवल्या. १८६३मध्ये पुढे रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती झालेली पाच जणांची समिती बसली, २२ ऑगस्ट १८६४ला १२ देशांनी युद्धातल्या जखमींसाठीच्या पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. आणि इकडे अल्जीरियाच्या गिरण्या बुडत होत्या. १८६७मध्ये द्युनां दिवाळखोर झाले, त्यात इतरांचेही पैसे गेले, आणि त्यांना समितीतून बाहेर पडावं लागलं. पुढची कित्येक वर्षं ते गरिबीत विस्मरणात गेले. १८९५मध्ये गेओर्ग बाउमबर्गर या पत्रकाराने हायडन गावातल्या रुग्णालयात त्यांना गाठून लेख लिहिला तेव्हा जगाला कळलं की हा माणूस जिवंत आहे. १९०१चं पहिलं शांततेचं नोबेल त्यांना फ्रेदेरिक पासी यांच्याबरोबर विभागून मिळालं. रक्कम घेणेकऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून ती नॉर्वेतच ठेवावी लागली. वर कर्जं फेडा म्हणाले ते या माणसाला डोळ्यासमोर ठेवून.

इथवर वाचून वाटेल की अँकर आणि मदतकर्ती अशी दोन्ही कामं एकदम करता येतील. मी दीड वर्ष प्रयत्न केला. सकाळी संस्थेच्या जाकिटात वाटप, दुपारी तेच जाकीट काढून बुलेटिनसाठी रिपोर्ट. एका छावणीत सकाळी मी एका बाईला ताडपत्री दिली होती, यादीत टिक करून. दुपारी कॅमेरा घेऊन तिच्याकडे गेले आणि विचारलं, बोलाल का? ती लगेच हो म्हणाली. मुलगा कसा वाहून गेला ते तिने सगळं सांगितलं, रडू आवरत, एकदाही न थांबता. बाइट संपल्यावर मी माइक काढत होते तेव्हा तिने विचारलं, "ताई, आता यादीत नाव पक्कं राहील ना?"

ती बाइट मी चालवली नाही. डेस्कवर भांडण झालं, कारण मटेरियल जबरदस्त होतं. पण तिने संमती दिलीच नव्हती. तिने ताडपत्रीचं मोल चुकतं केलं होतं. महिन्याभरात मी वाहिनी सोडली. संस्थेत गेल्यावर पहिली दोन वर्षं मी एकही मुलाखत दिली किंवा घेतली नाही.

या गुंत्यात माझ्याहून फार मोठी माणसं सापडली आहेत. सीएनएनचे संजय गुप्ता न्यूरोसर्जन आहेत. २००३मध्ये इराकमधून वार्तांकन करताना त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, २०१०मध्ये हैतीच्या भूकंपानंतर एका तात्पुरत्या रुग्णालयातलं वैद्यकीय पथक सुरक्षेच्या कारणाने रात्री निघून गेलं तेव्हा ते रुग्णांजवळ थांबले. त्यावर पत्रकारांत वाद झाला. माझं मत विचाराल तर डॉक्टरने समोरचा जीव वाचवायचा, त्यात चर्चा नाही. पण तोच प्रसंग वाहिनीने आपल्या नायकाची गोष्ट म्हणून दाखवला की रुग्ण मागे पडतो. तुम्ही डॉक्टर नाही, मीही नाही. आपल्या बाबतीत इतकी निकड क्वचितच येते.

आणि दृश्य काय दाखवतं, काय नाही, हेही. २३ ऑक्टोबर १९८४ला बीबीसीवर मायकेल ब्यूर्क यांचा इथिओपियातल्या कोरेममधला दुष्काळाचा रिपोर्ट लागला, कॅमेरा मोहम्मद अमीन यांचा. त्यातून मदतनिधीसाठी गाणाऱ्या कलाकारांचं बॅंड एड उभं राहिलं आणि १३ जुलै १९८५ला लंडन आणि फिलाडेल्फियात लाइव्ह एड ही निधीची मैफल झाली. त्या रिपोर्टने लाखो लोकांना हलवलं, ती ताकद मी कमी लेखत नाही. पण त्या उपासमारीमागे पाऊस जितका होता तितकंच युद्ध आणि सरकारचं धोरणही होतं, आणि कोरड्या जमिनीच्या दृश्यात धोरण दिसत नाही. सरकार लोकांना सक्तीने दुसरीकडे हलवत होतं. मेदसँ साँ फ्राँतिएर (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या संस्थेच्या फ्रेंच शाखेने त्याबद्दल जाहीर आवाज उठवला आणि १९८५च्या डिसेंबरमध्ये तिला देशाबाहेर काढण्यात आलं. ही संस्था १९७१मध्ये डॉक्टर आणि पत्रकारांनी मिळून काढली होती, बोलणं तिच्या रक्तात आहे. उलट रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती जे बघते ते शक्यतो संबंधित सरकारशीच बोलते, बाहेर नाही; त्या मौनाच्या बदल्यात तिला तुरुंगांचे दरवाजे उघडून मिळतात. पत्रकाराच्या कानाला हे मौन खटकतं. मला अजूनही कधीकधी खटकतं. तरी कैद्याला कुणीतरी भेटलं पाहिजे हे कळतं.

संस्था निवडताना म्हणूनच विचारा: तुम्ही पाहिलेलं कुठे बोलता आणि कुठे गिळता? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था बघा. तुमचा ओळखीचा चेहरा त्यांना नेमका कशासाठी हवाय हेही विचारा. निधी गोळा करायला हवा असेल तर त्यात कमीपणा नाही, पण मग तो करार तसाच असू दे, फील्डवरची बाई म्हणून नको. ओळखीच्या चेहऱ्याभोवती गर्दी होते, रांग मोडते, आणि ज्याला मागे ढकललं जातं तो बहुधा सगळ्यात अशक्त असतो. मी आजही वाटपाच्या ठिकाणी टोपी आणि मास्क घालूनच उभी राहते.

अभ्यास काय करावा? स्फिअर मानकं, म्हणजे मदतकार्यातल्या किमान गरजांचे आंतरराष्ट्रीय निकष, वाचा, तुम्हाला आवडतील, कारण त्यात आकडे आहेत. दर माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळामागे २५० पेक्षा जास्त माणसं नकोत, २० माणसांमागे एक शौचालय, डोक्यावरच्या छपराखाली माणशी किमान ३.५ चौरस मीटर. व्यापारी डोकं लगेच गुणाकार करायला लागतं आणि ते चांगलंच. फक्त मी पहिल्या छावणीत केलं तसं करू नका. मी १५ लिटरचा हिशोब टँकरच्या खेपांवर बरोबर बसवला आणि समाधानाने झोपले. सकाळी कळलं की नळ छावणीच्या एका टोकाला होते आणि अंधार पडल्यावर तिकडे बायका जातच नव्हत्या. कागदावर १५ लिटर, तंबूत चार.

सोबत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या, आणि झोप उडाली तर बोलायला माणूस आधीच ठरवून ठेवा. स्टुडिओत बसून दिवसभर कच्चं फुटेज बघणाऱ्या एडिटरलाही तो त्रास होतो, हे वाहिन्यांना उशिरा कळलं.

वयाचं म्हणाल तर पुरवठ्याच्या कामात चाळिशी हा गुण मानतात. पंचविशीतला मुलगा ट्रकवाल्याशी भांडतो, तुम्ही त्याला आधी बसायला सांगाल. अँकरच्या खुर्चीसाठी वयाची अडचण येऊ शकते, तिथे मी खोटा दिलासा देणार नाही. पण मला विचाराल तर तुम्हाला ती खुर्ची मधला थांबा म्हणून लागतेच का, हाही प्रश्न आहे. तीन-चार वर्षं अर्थविषयक डेस्कवर काढून, पडद्यावर न येता, तुम्ही थेट गोदामात येऊ शकता. प्रश्न विचारायची आणि आकडा तपासायची सवय तेवढ्यात लागते.

एक राहिलं. व्यवसाय कशाचा ते तुम्ही लिहिलेलंच नाही. वाहतुकीचा असेल तर ताफ्याचं नियोजन, बांधकामाचा असेल तर तात्पुरता निवारा, छपाईचा असेल तर सूचनांचे फलक आणि कुपनं, अशी सुरुवात होऊ शकते. आणि शीतगृहाचा असेल तर डेस्कबिस्क सोडा आणि आधी मला कळवा. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात, जनरेटर नेमका रात्री बंद पडतो, आणि त्या वेळी घाबरून फ्रीजचं दार उघडून बघू नये हे माहीत असलेली माणसं आम्हाला कायम कमी पडतात.